सातवा, नववा आला म्हणजे घोडा उतरला?

(हातात रेसबुक, म्हणजे शर्यतींची माहिती देणारं पुस्तक; बोट एका ओळीवर)

हे बघा. समजा, एका घोड्याच्या मागच्या पाच धावा अशा आहेत: १, २, १, ७, ९. सगळ्यात ताजी धाव शेवटी. माझ्या शेजारी एक काका बसतात. अशी ओळ दिसली की म्हणतात, "फॉर्म उतरलाय," आणि पान उलटतात.

मी आधी तारखा बघतो. पहिल्या तीन धावा जानेवारी ते मार्च, महालक्ष्मीला, म्हणजे मुंबईच्या रेसकोर्सवर. शेवटच्या दोन ऑगस्टमध्ये, पुण्याला. मुंबईचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे कोरडा. पुण्याचा ऐन पावसात. ट्रॅक दोन्हीकडे गवताचाच, पण पायाखालची जमीन पार वेगळी.

हे मोजायला पेनिट्रोमीटर असतो. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सळईवर पाडायचं आणि सळई किती सेंटिमीटर आत गेली ते बघायचं. आकडा मोठा, तर ट्रॅक मऊ. मऊ ट्रॅकवर प्रत्येक टापेला पाय रुततो, तो उपसायला दम जातो. मग १४०० मीटरचा घोडा शेवटच्या २०० मीटरला बऱ्याचदा थांबल्यासारखा दिसतो.

घोडे स्टार्टकडे कँटर करत, म्हणजे हलक्या दौडीत जातात ना, तेव्हा गुडघ्यांकडे बघा. पाय जमिनीलगत टाकत जाणारा घोडा बहुतेक कडक ट्रॅकचा. गुडघे उंच उचलून थाप मारणारा ओलीत तरतो. नियम नाही हा, पण मला बऱ्याचदा उपयोगी पडलाय.

आता तो नववा नंबर. किती लांबीने हरला? समजा, साडेतीन. एक लांबी म्हणजे एका घोड्याची लांबी, साधारण अडीच मीटर. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात हा सगळा अर्ध्या सेकंदाचा मामला. नववा, पण अर्धाच सेकंद मागे!

आणि पाठीवर काय होतं? जिंकला की हँडिकॅपर, म्हणजे घोड्यांना गुण देणारा अधिकारी, रेटिंग वाढवतो आणि रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे पाठीवर अर्धा किलो. दोन विजयांचे मिळून १२ पॉइंट वाढले, तर त्याच क्लासमध्ये, म्हणजे रेटिंगनुसार पाडलेल्या त्याच गटात, ६ किलो जास्त. पाच किलोची पिठाची पिशवी आणि वर किलोभर साखर घेऊन पळा म्हणावं. वरच्या क्लासमध्ये गेला, तर वजन उतरतं, पण गाठ तगड्या घोड्यांशी. हरत गेला की रेटिंग खाली येतं. म्हणजे त्या ७ आणि ९ नं त्याचं ओझंही थोडं हलकं केलेलं असू शकतं.

सकाळच्या ट्रॅकवर्कचे, म्हणजे सरावाचे आकडे शेवटी बघायचे. ६०० मीटर ३८ सेकंदांत, असं लिहिलेलं असतं. लोक ३८ बघतात; मी पुढचा शब्द बघतो. मोकळा धावला की रेटून पळवला? लगाम धरून काढलेले ३८ आणि चाबूक दाखवून काढलेले ३८, यांत मला पहिलेच हवेत.

तर हाच घोडा डिसेंबरात महालक्ष्मीला आला, ट्रॅक कोरडा, अंतर त्याचं नेहमीचं, वजन कमी झालेलं, तर मी त्याच्या नावाखाली रेघ मारतो. आणि उलटं असेल तर? पुण्याच्या चिखलात १, १ करून आलेला? तिथे पान मी उलटतो. काका त्याच्यावरच बोट ठेवून बसलेले असतात.