चार्जिंगचा लाल दिवा: जुन्या गाडीचा अल्टरनेटर का जातो?

(दृश्य: रात्र, पाऊस. जुन्या मारुती ८०० चा डॅशबोर्ड. बॅटरीच्या खुणेचा लाल दिवा मंद पेटलेला.)

हा दिवा पेटला की बहुतेक गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळतं: "अल्टरनेटर गेला, बदलून टाकू." अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर. तो बदलला जातो, दिवा विझतो, आणि काही महिन्यांत पुन्हा पेटतो. दोष नव्या मालावर जातो. आमचं म्हणणं वेगळं आहे. जुन्या गाडीतला अल्टरनेटर आपल्या वयाने क्वचितच पूर्ण जातो. बॅटरी, बेल्ट, पाणी, तेल किंवा नंतर जोडलेलं एखादं उपकरण त्याला खात असतं. ते शोधलं नाही, तर नवाही त्याच वाटेने जाणार.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ पर्यंत बनत राहिली. तालुक्याच्या गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनलाही तिचं वायरिंग तोंडपाठ असतं. म्हणून आपण तिच्यापासूनच सुरुवात करू.

(दृश्य: बेंचवर उघडलेला अल्टरनेटर.)

मधे फिरतो तो रोटर. त्याला टेकून राहणाऱ्या दोन कार्बनमधून (ब्रशमधून) त्याच्या गुंडाळीला थोडा करंट मिळतो आणि त्याचं चुंबक बनतं. भोवतीच्या स्टेटरमध्ये एसी वीज तयार होते, डायोड प्लेट तिची डीसी करते; डायोड म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. रोटरला किती करंट द्यायचा, हे रेग्युलेटर ठरवतो. इंजिनाच्या एका फेऱ्यात रोटर दोन-अडीच फेरे घेतो. म्हणजे हायवेवर हा तुकडा मिनिटाला सात-आठ हजार फेऱ्यांनी फिरत असतो.

आता हे कार्बन जवळून पाहा. नवा असताना बोटाच्या पेराच्या निम्मा असणारा तुकडा इथे चार-पाच मिलिमीटर उरलाय. स्प्रिंगचा दाब संपलाय. खड्ड्यात गाडी आदळली की कार्बन क्षणभर उचलला जातो आणि दिवा लुकलुकतो. कार्बन जिथे टेकतात त्या तांब्याच्या स्लिप रिंगवर नखाला लागेल अशी खाच पडली आहे. इथे नुसते कार्बन बदलून काम भागत नाही. रिंग लेथवर हलकी घासून घ्यावी लागते, नाहीतर नवे कार्बनही लवकर झिजतात. कार्बन आणि दोन बेअरिंग ही झिजण्याचीच वस्तू आहे. त्यांच्यासाठी अख्खा अल्टरनेटर फेकणं मला पटत नाही.

डायोडचं मात्र वेगळं आहे. ते झिजत नाहीत, जळतात. आणि त्यांना जाळणारी पहिली गोष्ट म्हणजे थकलेली बॅटरी. अल्टरनेटरचं काम बॅटरी भरलेली ठेवणं आहे, पूर्ण उतरलेली बॅटरी शून्यापासून चार्ज करणं नाही. सकाळी धक्का मारून गाडी चालू करायची आणि बॅटरी रस्त्यात चार्ज होईल म्हणून तशीच पळवायची, हे रोज झालं की तो सतत पूर्ण भाराने चालतो. त्यात विदर्भातला मे महिना असेल आणि गाडी ट्रॅफिकमध्ये उभी असेल, तर बॉनेटखालच्या उष्णतेत डायोडना थंड व्हायला वावच मिळत नाही.

दुसरी गोष्ट आणखी वाईट. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं. गाडी बंद पडली नाही तर चार्जिंग चांगलं, असं ठरवायचं. डायनॅमोच्या, म्हणजे अल्टरनेटरआधीच्या जुन्या डीसी जनरेटरच्या काळातली ही सवय आजही दिसते. अल्टरनेटरमध्ये त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि डायोड किंवा रेग्युलेटर तिथेच जाऊ शकतो. कोणी असं करायला लागला तर त्याला तिथेच थांबवा. जम्प स्टार्ट करताना प्लस-मायनस उलटे लागले, तरीही डायोडच जातात.

(दृश्य: मल्टिमीटरचा आकडा, जवळून.)

तपासणी कठीण नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की १३.८ ते १४.५. हेडलाइट, वायपर, ब्लोअर लावल्यावर आकडा १३ च्या खाली यायला नको. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर काम करत नाही आणि बॅटरीचं पाणी उकळून आटतंय. आता मीटर एसीवर घ्या. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर डायोडवर संशय घ्या. गळका डायोड रात्रभर बॅटरीही उतरवतो. अशा गाड्यांत बॅटरी दोन-दोनदा बदलली जाते आणि खरा गुन्हेगार जागच्या जागी राहतो.

मग मीटर पुन्हा डीसीवर घेऊन त्याची एक पिन अल्टरनेटरच्या मोठ्या नटवर ठेवा आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर. इंजिन चालू, दिवे चालू. फरक ०.३ व्होल्टच्या वर असेल, तर अल्टरनेटर ठीक असूनही वीज वाटेत अडते आहे. कोकणच्या खाऱ्या हवेत हिरवट पडलेली लग (तारेच्या टोकाची कडी), सैल अर्थ (बॉडीला जाणारी जोडणी), आतून कुजलेली तार. हे काम काचकागदाने घासून, जोड आवळून किंवा तार बदलून होतं.

आणि तो दिवा? चावी फिरवली, इंजिन बंद आहे, तेव्हा तो पेटलाच पाहिजे. जुन्या अनेक गाड्यांत याच बल्बमधून रोटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब उडाला की चांगला अल्टरनेटरही चार्ज करत नाही. एका छोट्या बल्बपायी अल्टरनेटर बदलल्याची उदाहरणं घडतात, हे खरंच वाईट वाटण्यासारखं आहे.

बेल्ट सैल असेल तर पावसात किंचाळतो. म्हणून तो करकचून ताणला जातो, आणि मग पुढचं बेअरिंग घरघरायला लागतं. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण एक सेंटिमीटर दबावा.

भाराचा हिशेब करून पाहा. ६० वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे १० अँपिअर. त्या जागी १०० वॅटचे बल्ब टाकले की तेच १६-१७. वर अॅम्प्लिफायर, फॉग लॅम्प. रिकाम्या चालीत (आयडलिंगला) अल्टरनेटर आपल्या क्षमतेच्या बराच खाली असतो आणि सिग्नलला उभी गाडी बॅटरीतून खात राहते.

सुमो किंवा इंडिकासारख्या जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या मागेच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो. त्याला इंजिनाचं ऑइल येतं. सील गळलं की ऑइल कार्बनवर उतरतं. इथे सील न बदलता अल्टरनेटर दुरुस्त करणं व्यर्थ. आणि बदली घेताना पंप त्याच मापाचा हवा, कारण त्याच्यावर ब्रेक अवलंबून आहे.

(दृश्य: पुण्याची नाना पेठ, मग कुर्ल्याचा सीएसटी रोड. सुट्या भागांची दुकानं.)

आता बदलीचं. स्टेटर आणि रोटर शाबूत असतील तर माझी पहिली पसंती दुरुस्तीलाच: कार्बन, बेअरिंग, लागलं तर रेग्युलेटर किंवा डायोड प्लेट. जुनी बॉडी गाडीला नेमकी बसते, हा मोठा फायदा. रोटर रिवाइंड करून (गुंडाळी नव्याने भरून) मिळतो, पण त्या वेगाला बॅलन्स नसलेला रोटर बेअरिंग खातो, म्हणून मी रिवाइंडिंगपेक्षा दुसरा रोटर शोधेन. रिकंडिशन माल घेताना आत नवं काय घातलंय ते विचारा आणि बेंचवर भार देऊन दाखवायला सांगा. भंगारातला घेताना पुली हाताने फिरवा, खरखर ऐका, शाफ्ट हलवून पाहा. पुलीच्या खाचा, पाय आणि कनेक्टर जुन्याशेजारी ठेवून जुळवा. ८०० साठी नवा अल्टरनेटर अजून सहज मिळतो. गुंडाळी जळालेली असेल तर तोच घ्या.

प्रीमियर पद्मिनीच्या जुन्या मॉडेलला डायनॅमो आहे. रिकाम्या चालीत तो जवळजवळ काहीच देत नाही, म्हणून लोक अल्टरनेटर बसवतात. मूळ रूप जपायचं नसेल तर हा बदल चांगला आहे. पण डायनॅमोचा जुना कटआउट (त्याला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा स्विच) वायरिंगमधून बाजूला काढावा लागतो, मुख्य तार जाड टाकावी लागते आणि अर्थ प्लस आहे की मायनस ते आधी पाहावं लागतं. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस अर्थ असतो. तिथे साधा अल्टरनेटर तसाच जोडला, तर डायोड पहिल्याच क्षणी जातील.

कुठलाही पर्याय निवडा, बसवण्याआधी मायनस टर्मिनल काढा. बॅटरी बाहेर चार्जरवर पूर्ण भरून मगच जोडा. मग इंजिन चालू करून दिवे लावा आणि मीटर पुन्हा त्याच ठिकाणी ठेवून आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळी दिवा लुकलुकला, तर तुलनेला हाच आकडा लागेल.