बारावा माणूस

(दृश्य: अमेरिकेतल्या टेक्सासमधलं काइल फील्ड स्टेडियम, मध्यरात्र)

रात्रीचे बारा वाजलेत. अमेरिकन फुटबॉलची मॅच उद्या आहे. तरी हजारो पोरंपोरी गॅलरीत जमलीत आणि ओरडायची प्रॅक्टिस करतायत. हो, प्रॅक्टिस. आपण नाटकाची तालीम पाहिलेली असते; इथे तालीम प्रेक्षकांची चालते. नावही सरळ: मिडनाइट येल, म्हणजे मध्यरात्रीची आरोळी.

मधेच दिवे मालवतात. अंधारात जोड्यांनी चुंबन घ्यायचं, अशी रीत. ज्याला जोडीदार नाही त्याने लायटर पेटवून धरायचा, म्हणजे दुसऱ्या एकट्या जिवाला तो दिसतो. मी मोबाइलचा टॉर्च लावून बघितला. कुणी आलं नाही.

(दृश्य: सकाळ, मरून रंगाचे टी-शर्ट घातलेली गर्दी)

गावाचं नावच कॉलेज स्टेशन. 1876 साली इथे शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं कॉलेज सुरू झालं, तेच आजचं टेक्सास ए अँड एम विद्यापीठ. त्या शेतीवरून इथला प्रत्येक विद्यार्थी 'अ‍ॅगी', मग तो एका सेमिस्टरपुरता पुण्याहून संख्याशास्त्र शिकायला आलेला का असेना. स्टेडियमची क्षमता 1,02,733. आमच्या कॉलेजच्या क्रिकेट मॅचला बावीस खेळाडू, दोन अंपायर आणि चहावाला असायचा. कॉलेजसाठी घसा बसेपर्यंत ओरडलो ते फक्त पुरुषोत्तम करंडकाला. 'अरे, आव्वाज कुणाचा!' भरत नाट्य मंदिरात ते ओरडणं अंगावर यायचं. इथे तेच, पण लाखभर गळ्यांतून.

आणि त्यालाही शिस्त. नाचणाऱ्या चीअरलीडर नाहीत. विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले पाच येल लीडर पांढऱ्या कपड्यांत खाली उभे असतात. ते हाताने खूण करतात, पुढची रांग तीच खूण मागे देते, ती रांग तिच्या मागे. खूण वरच्या टोकाला पोचली की सगळे कमरेत वाकतात, हात गुडघ्यांवर टेकवतात आणि पोटातून ओरडतात. वाकल्यावर आवाज मोठा निघतो, असं शेजारच्या पोराने मला समजावलं. करून बघा, खरंच निघतो.

बसायचं मात्र नाही. तीन-साडेतीन तास मॅच चालते आणि विद्यार्थी उभेच. पहिल्या मॅचला मी दुसऱ्या सत्रात टेकलो. कुणी रागावलं नाही, मागच्या मुलीने फक्त विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" मी उठलो.

(दृश्य: जुने कृष्णधवल फोटो)

या उभं राहण्याचं मूळ 2 जानेवारी 1922 च्या मॅचमध्ये आहे. डॅलसला ए अँड एमची गाठ सेंटर कॉलेजशी होती. एकामागून एक खेळाडू जखमी व्हायला लागले. किंग गिल नावाचा विद्यार्थी फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे वळलेला; तो वर पत्रकारांना खेळाडू ओळखून देत होता. प्रशिक्षक डाना बायबल यांनी त्याला खाली बोलावलं. गिलने जखमी खेळाडूचा गणवेश चढवला आणि बाजूला उभा राहिला. ए अँड एम 22–14 ने जिंकलं. गिलला मैदानात उतरावंच लागलं नाही! तरी शंभर वर्षं हजारो लोक उभे राहतायत ते त्याच्यासाठी. अकरा आत, बारावा तयार.

रेव्हिली ही इथलं शुभचिन्ह असलेली कॉली कुत्री. लष्करी शिक्षण घेणारे इथले कॅडेट तिला 'मॅम' म्हणतात. वर्गात ती भुंकली तर तास सुटतो, असा संकेत. माझ्या वर्गात ती कधी आली नाही, हे दुर्दैव.

(दृश्य: स्मारक, संध्याकाळ. संगीत बंद.)

टेक्सास विद्यापीठ हा ए अँड एमचा जुना प्रतिस्पर्धी. त्याच्याविरुद्धच्या मॅचआधी इथे दरवर्षी प्रचंड होळी पेटायची. ओंडके पोरंच तोडायची, पोरंच रचायची. 18 नोव्हेंबर 1999 च्या पहाटे ती रचाई कोसळली. बारा जण गेले. त्या जागी आता बारा दारं आहेत. प्रत्येक दाराचं तोंड त्या-त्या मुलाच्या गावाकडे. मी गेलो तेव्हा एका दारात मरून टोपी ठेवलेली होती. विद्यापीठाने आवारातली होळी बंद केली.

पैशाचा खेळ तर वेगळाच. स्वतःच्या नावावर कमाई करायची मुभा खेळाडूंना 2021 मध्ये मिळाली. आणि 2023 मध्ये इथल्या प्रशिक्षकाला काढलं, तेव्हा उरलेल्या कराराचे साडेसात कोटी डॉलरहून जास्त त्याला देणं निघालं. घसा फोडणारी पोरं तिकीट काढून आत येतात.

(दृश्य: 30 नोव्हेंबर 2024, स्कोअरबोर्ड)

तेरा वर्षांनी टेक्सास विद्यापीठ पुन्हा समोर. आम्ही हरलो, 17–7. आम्ही. हा शब्द तोंडात कधी आला, कळलं नाही. पलीकडे केशरी गर्दी नाचत होती. मी बॅग उचलली, तर शेजारच्याने खांद्यावर हात ठेवला. खालून खूण येत होती. हरल्यावरही थांबायचं आणि पुढच्या मॅचची तालीम करायची, अशी इथली रीत.

बॅग खाली ठेवली. खूण मागच्या रांगेला दिली. वाकलो.