तारण आणि गोपनीय अहवाल

(ठाण्यातील एका मराठी ख्रिस्ती मंडळीत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित)

मंडळी, मला अर्धा तास दिलाय आणि त्यातला बराचसा माझी ओळख करून देण्यात गेला. इतकी वर्षं मंडळीचे पंच होते, कधी उपासना चुकवली नाही... ऐकता ऐकता वाटलं, आपण गेलो की काय! (हशा)

हसू नका, माझी तक्रार तीच आहे. कुणी गेल्यावर त्याच्या आठवणीसाठी होणाऱ्या आपल्या स्मरणोपासना. मी सरकारी नोकरीत होतो. मार्च सरला की गोपनीय अहवालाचे, म्हणजे साहेबांनी वर्षभराच्या कामाला शेरा देण्याचे दिवस. चांगली धडधाकट माणसं साहेबांच्या केबिनबाहेर घुटमळायची, ‘निश्चित चांगला’ की नुसताच ‘चांगला’ ते कळावं म्हणून. आपणही कुणी गेलं की उभं राहून तोच अहवाल वाचतो, फक्त साहेब वर बसलेले.

आणि हे मेल्यावरच होतं असं नाही. ऐरोलीला एक मावशी आजारी होत्या, आम्ही प्रार्थनेला गेलो. सलाईनची पट्टी नखानं खरवडत त्या म्हणाल्या, “माझं होईल ना हो तारण, पापातून सुटका?” लगेच सगळे सुरू! मावशी, तुम्ही संडेस्कूल चालवलंत. मावशी, शिबिरात पोळ्या कुणी लाटल्या? मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “एका नाताळात मी देवळात आलेच नव्हते. सुनेशी भांडून घरी बसले होते.” सूनबाई नेमक्या तेव्हाच चहा घेऊन आल्या. (हशा) चहा फार गोड होता, असो. पण बघा, इतक्या बायबल वाचणाऱ्या माणसांत ख्रिस्ताचं नाव कुणी काढलं नाही. आम्ही त्यांना त्यांच्याच पोळ्यांचा आधार देत होतो, आणि त्या आधाराला भोक कुठे आहे हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता.

बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय घरी काढा. तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे. कर्मानं नाही, म्हणजे कुणाला बढाई मारता येऊ नये. सत्कृत्यं लगेच दहाव्या वचनात येतात, पण तारणाची किंमत म्हणून नव्हे. कुणी याकोबाचं पत्र काढेल, काढू दे. कृतीवाचून विश्वास मेलेला आहे हे खरंच, पण जिवंत झाड फळ देतं, फळं बांधून झाड जिवंत होत नाही. फिलिप्पैकरांस पत्रातलं ‘भीत व कापत आपले तारण साधून घ्या’ तर आपल्याला तोंडपाठ; पुढचंच वचन, तुमच्या ठायी कार्य करणारा देव आहे, ते वाचायचं राहतं. आणि हे एकट्या प्रोटेस्टंटांचं खूळ नाही. 1999 साली 31 ऑक्टोबरला ऑग्सबर्गला लुथरन पंथाचे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोघांनी सही करून सांगितलं, देव आपल्याला स्वीकारतो तो कृपेनं, आपल्या पुण्याईनं नाही. म्हणजे मासुंदा तलावाजवळच्या कॅथलिक शेजाऱ्यांशी या मुद्द्यावर भांडायची सोय गेली.

आता रोजचं. सकाळी वाशी लोकलमध्ये तुम्ही कुणावर तरी खेकसलात. रात्री प्रार्थनेला बसायला लाज वाटते. मग आपण ठरवतो, दोन दिवस नीट वागू, मग बसू. ते दोन दिवस म्हणजे अहवाल सुधारणं आहे. येशूच्या दाखल्यातल्या, मंदिरात उभं राहून ‘मज पाप्यावर दया कर’ म्हणणाऱ्या जकातदारानं दोन दिवस थांबून पाहिलं नव्हतं. त्याच रात्री बसा, आणि जमलं तर सकाळी त्या माणसाची माफीही मागा. तो रोज त्याच डब्यात असतो.