ग्रीन्सबरोचा रिकामा रविवार

(दृश्य: ग्रीन्सबरो कोलिझियमचं बंद दार. समोर मोकळं पार्किंग.)

१० एप्रिल २०१६, रविवार. अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना राज्य, ग्रीन्सबरो शहर. आज रात्री इथे रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि त्याचा ई स्ट्रीट बँड वाजवणार होते. सुमारे १५ हजार लोकांच्या हातात तिकिटं होती. स्प्रिंगस्टीन एकदा उभा राहिला की तीन-तीन तास खाली उतरत नाही, आणि त्यासाठी लोक चार गावं ओलांडून येतात.

शुक्रवारी त्याचं निवेदन आलं. कार्यक्रम रद्द, तिकिटाचे पैसे परत. घसा बसलेला नव्हता, वादळाचा इशारा नव्हता. कारण होतं अडीच आठवड्यांपूर्वी झालेला एक कायदा. काही गोष्टी गाण्याच्या कार्यक्रमापेक्षा मोठ्या असतात, असं त्यानं लिहिलं होतं.

(दृश्य: राज्याची राजधानी रॅली, तिथलं विधिमंडळ. पायऱ्यांवर निदर्शक.)

भांडण सुरू झालं याच राज्यातल्या शार्लट शहरात. तिथल्या नगर परिषदेनं फेब्रुवारीत एक नियम केला: समलिंगी आणि ट्रान्सजेंडर माणसांना दुकानात, हॉटेलात, टॅक्सीत कुणी नाकारायचं नाही, आणि ट्रान्सजेंडर व्यक्तीनं स्वतःला जी ओळख मान्य आहे त्यानुसार स्वच्छतागृह वापरावं. १ एप्रिलपासून तो लागू होणार होता.

तो दिवस उजाडलाच नाही. २३ मार्चला विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं गेलं. सकाळी विधेयक आलं, सिनेटमध्ये डेमोक्रॅट सदस्यांनी सभात्याग केला, उरलेल्यांनी ३२ विरुद्ध शून्य असं ते मंजूर केलं आणि त्याच रात्री गव्हर्नर पॅट मॅक्रोरी यांनी सही ठोकली. हे मॅक्रोरी त्याआधी १४ वर्षं शार्लटचेच महापौर होते.

कायद्याचं नाव हाउस बिल २. लोकांच्या तोंडी ‘बाथरूम बिल’. सरकारी इमारतीत आणि शाळेत कुठल्या स्वच्छतागृहात जायचं, ते तुमच्या जन्मदाखल्यावरून ठरणार. समर्थकांचं म्हणणं, बायका-मुलींच्या खाजगीपणाचा आणि सुरक्षेचा प्रश्न आहे. आता दुसऱ्या बाजूनं बघा. वीस वर्षं बाई म्हणून जगणारी, बाई म्हणून नोकरी करणारी एक व्यक्ती सरकारी कचेरीत कामाला आली आहे. समोर दोन दारं. दाखल्यावर ‘पुरुष’ लिहिलंय म्हणून तिनं पुरुषांच्या दारातून आत जायचं. आत काय होईल, याची चिंता कायद्यात कुठेच नव्हती.

त्याच कायद्यात आणखी एक कलम गुपचूप बसवलेलं होतं: शहरांनी खाजगी मालकांसाठी स्वतःचं किमान वेतन ठरवायचं नाही. स्वच्छतागृहाच्या गदारोळात मजुरीची गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात आली नाही.

(दृश्य: साउथ एल्म स्ट्रीट. वूलवर्थच्या दुकानाची जुनी पाटी.)

ग्रीन्सबरोला अशी दारं नवी नाहीत. १ फेब्रुवारी १९६० ला याच गावात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातल्या गोऱ्यांसाठी राखलेल्या काउंटरवर बसले आणि कॉफी मागितली. कॉफी मिळाली नाही. ते उठलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी पोरं आली, मग इतर गावांतली. जुलैअखेर तो काउंटर सगळ्यांसाठी उघडला. आज तिथे संग्रहालय आहे.

त्या मुलांनी जागा अडवून निषेध केला. स्प्रिंगस्टीननं जागा रिकामी ठेवून.

(दृश्य: कॅरी गावातलं खुलं नाट्यगृह. झाडांमागे तळं.)

पाठोपाठ नकार येत गेले. पर्ल जॅम या रॉक बँडनं रॅली शहरातला कार्यक्रम दोन दिवस आधी रद्द केला. चाहत्यांना पत्र लिहिलं, तेही हातानं. व्हायोलिनवादक इट्झाक पर्लमन यांनी राज्याच्या सिम्फनी वाद्यवृंदाबरोबरचं वादन सोडलं. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार यानं जूनमधला कॅरीचा कार्यक्रम रद्द केला. हे कॅरी आपल्याला अगदीच परकं नाही. आसपासच्या आयटी कंपन्यांमुळे तिथे मराठी घरं पुष्कळ, आणि रिंगो जिथे वाजवणार होता त्याच कोका बूथ नाट्यगृहात तिथल्या भारतीयांची दिवाळी भरते. रिंगोला नकाराची सवयही जुनी. १९६४ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवणार असाल तर आम्ही वाजवणार नाही, असं बीटल्सनी बजावलं होतं. तिथे मैदान सगळ्यांना खुलं झालं, आणि मगच ते वाजले.

पण नकाराची किंमत कुणी मोजली? ग्रीन्सबरोच्या कोलिझियमला सुमारे १ लाख डॉलरचा फटका बसला. दारावर तिकीट फाडणारे, खुर्च्या लावणारे, पार्किंगवाले, बिअर विकणारी पोरं यांनी तो कायदा केला नव्हता. तिकीट काढलेल्यांतही कायद्यावर चिडलेले कमी नव्हते. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

म्हणून काहींनी उलटा रस्ता धरला. गायिका सिंडी लॉपर रॅलीला आली, गायली आणि नफा कायद्याविरुद्ध लढणाऱ्या संस्थेला दिला. मम्फर्ड अँड सन्स या बँडनं शार्लटमध्ये तेच केलं.

(दृश्य: अंधार. काडी पेटते.)

मला विचाराल तर या सगळ्यात लक्षात राहते ती १५ मेची रात्र. याच राज्यातल्या डरहम शहरातलं एक छोटं सभागृह. ‘अगेन्स्ट मी!’ या पंक बँडची गायिका लॉरा जेन ग्रेस स्वतः ट्रान्सजेंडर. ती मंचावर आली, हातात तिचा जन्मदाखला. कायद्याला हवा असलेला नेमका तोच कागद. तिनं तो सगळ्यांसमोर पेटवला आणि मग गायला लागली.

(दृश्य: बास्केटबॉलचं रिकामं मैदान.)

कायदा गाण्यांमुळे गेला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि नाक दाबलं ते पैशानं. स्प्रिंगस्टीनच्याही आधी पेपॅल या ऑनलाइन पेमेंट कंपनीनं शार्लटमधला ४०० नोकऱ्यांचा बेत गुंडाळला होता. मग व्यावसायिक बास्केटबॉलच्या लीगनं, एनबीएनं, शार्लटला ठरलेला २०१७ चा ऑल-स्टार सामना न्यू ऑर्लीन्सला नेला. सप्टेंबरात कॉलेज-खेळांच्या संघटनेनं, एनसीएएनं, ७ स्पर्धा काढून घेतल्या. ज्या राज्यात घराघरांत कॉलेज बास्केटबॉलवरून अबोले होतात, तिथे हे फार लागलं. असोसिएटेड प्रेसनं हिशेब मांडला: १२ वर्षांत ३७६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. नोव्हेंबरात ट्रम्प हे राज्य जिंकले, पण त्यांच्याच पक्षाचे मॅक्रोरी सुमारे १० हजार मतांनी पडले.

दक्षिणेतलंच मिसिसिपी राज्य मात्र हललं नाही. तिथे धार्मिक श्रद्धेचं कारण देऊन समलिंगी जोडप्यांना सेवा नाकारता येईल असा कायदा झाला, तेव्हा रॉक गायक ब्रायन अ‍ॅडम्सनं तिथल्या बिलॉक्सी शहरातला कार्यक्रम रद्द केला. तो जेमतेम महिन्यापूर्वी इजिप्तमध्ये गाऊन आला होता, तिथे समलिंगी लोकांना तुरुंगात टाकतात, हे टीकाकारांनी लगेच दाखवून दिलं. कायदा वर्षभर कोर्टात अडकला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये लागू झाला. तिथून न्यायला एनबीएचा सामना नव्हता.

(दृश्य: पुन्हा कोलिझियम. रात्र. दिवे लागलेले.)

नॉर्थ कॅरोलायनानं ३० मार्च २०१७ ला हाउस बिल २ मागे घेतलं, तेही मेख मारून: शार्लटसारखा नियम डिसेंबर २०२० पर्यंत कुठल्याच शहरानं करायचा नाही.

२५ मार्च २०२३. स्प्रिंगस्टीन ग्रीन्सबरोला आला. त्याच कोलिझियममध्ये, ७ वर्षांनी, बँडसकट.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विधिमंडळानं गव्हर्नरांचा नकाराधिकार मोडून ट्रान्सजेंडर मुलांचे उपचार, खेळ आणि शाळा यांवर बंधनं घालणारे तीन कायदे एका दिवसात मंजूर केले.