परत जाता येईल इतके जवळ

(इंदूरच्या रामबाग भागात मराठी वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

श्रोतेहो,

'घराजवळच्या निसर्गदृश्याचे छायाचित्रण' हा आजचा विषय जाहीर झाला तेव्हा पहिल्या रांगेतील एका बाईंनी शेजारणीला हळूच जे विचारले, ते मलाही ऐकू आले. "इंदुरात कसलं आलंय निसर्गदृश्य?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे समुद्र नाही, हिमशिखरे नाहीत, आणि शहरातून वाहणाऱ्या खान नदीकडे कौतुकाने पाहण्याची सवय आपण कधीच सोडून दिली आहे. पाहुणे आले की आपण त्यांना राजवाडा दाखवतो, रात्री सराफ्यात जेवू घालतो, सकाळी पोहे-जिलबी देतो आणि 'दृश्य' पाहायला मांडूला किंवा महेश्वरला पाठवतो. दृश्य हे गाडी काढून नव्वद-शंभर किलोमीटर गेल्यावरच सुरू होते, अशी आपली समजूत आहे.

मला या समजुतीविरुद्ध एकच मुद्दा मांडायचा आहे. वर्षातून एकदा मांडूला जाणाऱ्या माणसाला त्या दिवशी जो उजेड मिळेल तो निमूटपणे पत्करावा लागतो. घराजवळच्या दृश्याकडे जाणारा माणूस मात्र 'आज नाही' असे म्हणून घरी परतू शकतो आणि उद्या पुन्हा जाऊ शकतो. छायाचित्रकाराला याहून मोठी सवलत नाही. ही सवलत मला जन्मभर उपलब्ध होती, पण ती वापरायला लागलो निवृत्तीनंतर, आणि तीही स्वतःच्या बुद्धीने नव्हे, तर भाचीने मला तिच्या छायाचित्रण मंडळात ओढले म्हणून.

मंडळ म्हणजे फार औपचारिक काही नाही. मोबाइलवरचा एक ग्रुप, महिन्यातून एक फेरी आणि दोन महिन्यांतून एकदा कोणाच्या तरी दिवाणखान्यात टीव्हीच्या पडद्यावर चित्रे लावून केलेली चर्चा. सभासदांत लग्नाचे अल्बम करणारा एक तरुण आहे, बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, एक डॉक्टर आहेत आणि महाविद्यालयात शिकणारी चार-पाच मुले आहेत. पहिले चार महिने मी त्यात तोंड उघडले नाही. मग धीर करून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचे, म्हणजे होळकरांच्या दगडी स्मारकांचे, एक चित्र टाकले. मे महिन्याच्या भर दुपारी काढलेल्या त्या चित्रात आकाश चुन्यासारखे पांढरे होते आणि कमानींच्या आत काजळी फासल्यासारखा अंधार होता. मला ते बरे वाटत होते. अल्बमवाल्या तरुणाने एवढेच लिहिले, "काका, छत्र्या कुठे पळून जात नाहीत. संध्याकाळी परत जाऊन या."

त्या वाक्याचा मला आधी राग आला आणि नंतर उपयोग झाला. माझ्या घरापासून छत्र्या पायी पंधरा मिनिटांवर आहेत. मी सात वेळा गेलो. दुसऱ्या खेपेला कळले की मावळतीचे ऊन दगडी कोरीव कामावर तिरके पडले म्हणजे प्रत्येक वेलबुट्टीला स्वतःची सावली मिळते, आणि जे दुपारी सपाट दिसत होते ते उठून दिसते. चौथ्या खेपेला पाऊस नुकताच थांबला होता, फरशी ओली होती, पण समोर हातगाड्या होत्या. सातव्या खेपेला, सप्टेंबरात, सूर्य बुडून वीसेक मिनिटे झाली असताना एक गोष्ट डोळ्यांना दिसली, जी मी साठ वर्षे त्या रस्त्याने जाऊन पाहिली नव्हती: रस्त्यावरच्या दिव्यांचा पिवळा उजेड आणि आकाशाचा उरलेला निळा उजेड काही मिनिटे सारख्याच तेजाचे होतात. त्याआधी दिवे फिके वाटतात, त्यानंतर आकाश काळे पडते. कॅमेऱ्याचा सेन्सर आपल्या डोळ्याइतका समजूतदार नसतो. फार उजळ आणि फार काळोखी जागा त्याला एकाच चित्रात सांभाळता येत नाहीत. त्या काही मिनिटांत मात्र त्याच्यासमोर तसा पेचच उरत नाही. ते चित्र ग्रुपवर टाकले तेव्हा त्या तरुणाने अंगठा दाखवला. एवढ्या तेवढ्यावर तो अंगठा दाखवत नाही, हे मला तोवर माहीत झाले होते.

इंदूरच्या उजेडाविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण दृश्य शोधणे म्हणजे मुख्यतः वेळ शोधणे होय. आपले शहर साधारण २२.७ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या जरासे दक्षिणेला आहे. जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो, सावल्या पायाखाली गोळा होतात आणि माणसांच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. डिसेंबरच्या उत्तरार्धात तोच सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांपेक्षा वर चढत नाही, म्हणून त्या दिवसांत जवळजवळ दिवसभर कामाचा तिरका उजेड मिळतो, आणि 'पहाटे उठवत नाही' ही आपली सबब हिवाळ्यात थोडीफार चालून जाते. आणखी एक बारकावा सांगतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची आहे आणि आपण ७५.९ च्या आसपास आहोत. दर अंशाला चार मिनिटे धरली, तर आपला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे २६ मिनिटे मागे चालतो, आणि बाराच्या ठोक्याला तो अजून माथ्यावर आलेला नसतो.

सूर्यास्ताची जागाही सरकते. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला सुमारे २५ अंशांवर मावळतो आणि डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला, म्हणजे एकंदर अंतर पन्नास अंशांच्या घरात जाते. हात समोर ताठ धरून मूठ आवळली की मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते. तेव्हा तुमच्या गच्चीवरून जूनमध्ये ज्या पाण्याच्या टाकीमागे सूर्य बुडतो, तिच्या डावीकडे पाच मुठी मोजा, तेथे तो डिसेंबरात बुडेल. बिजासन टेकडीवरून विमानतळाच्या बाजूचा सूर्यास्त पाहायला पुष्कळ लोक जातात, परंतु एकाच जागेवर उभे राहून वर्षभर त्याचा हा प्रवास टिपलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. हे काम कोणीतरी करावे.

लोकांनी एकत्र येऊन छायाचित्रण करण्याची रीत मोबाइलने आणली असे समजू नका. दागेरच्या छायाचित्रण-पद्धतीची घोषणा पॅरिसमध्ये १८३९ साली झाली आणि पंधराच वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिचे सभासद होते. इंदूरची गोष्ट तर याहून जवळची आहे. लाला दीनदयाळ रुडकीला अभियांत्रिकी शिकून १८६६ साली येथील सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले, नकाशे आणि अंदाजपत्रके करत असतानाच कॅमेऱ्याकडे वळले, आणि ब्रिटिश अधिकारी सर हेन्री डेली व महाराजा दुसरे तुकोजीराव होळकर यांच्या प्रोत्साहनाने छायाचित्रकार झाले. पुढे निजामाने त्यांना 'राजा' हा किताब दिला, परंतु त्यांच्या कामाची सुरुवात इंदुरात, कचेरीच्या आसपास झाली, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगायला हवी तेवढी सांगत नाही. फिल्मच्या जागी लागणाऱ्या काचेच्या प्लेटा, लाकडी कॅमेरा आणि तिपाई घेऊन हिंडणाऱ्या त्या माणसासमोर 'माझ्या मोबाइलची बॅटरी उतरली' ही आपली तक्रार शोभत नाही.

चित्रकारांचेही तेच. देवळालीकर मास्तरांच्या इंदूरच्या चित्रशाळेतून नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन आणि विष्णू चिंचाळकर घडले, आणि उघड्यावर बसून निसर्गचित्र रंगवणे हा त्या शाळेच्या शिक्षणाचा कणा होता. चिंचाळकर गुरुजींनी तर वाळकी पाने, काटक्या आणि फेकलेल्या वस्तूंतून आकृत्या उभ्या केल्या. जवळच्या वस्तूकडे पाहण्याचा याहून चांगला धडा या शहराने दुसऱ्या कोणाकडून घेतला असेल असे मला वाटत नाही.

आता जागांकडे येतो. धार रोडवरचा सिरपूर तलाव हा होळकरांच्या काळात विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला आणि २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आला. त्याच वर्षी गंभीर नदीवरचा यशवंत सागरही त्या यादीत गेला. सिरपूरला जानेवारीच्या एका सकाळी आम्ही आठ जण एकाच काठावर, एकमेकांपासून हाताच्या अंतरावर उभे होतो. पाण्यावर धुके होते. संध्याकाळी चित्रे एकत्र पाहिली, तेव्हा डॉक्टरांनी काळ्या अंगाचे आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेले पक्षी टिपले होते, ज्यांना मराठीत वारकरी असे सुंदर नाव आहे. बँकेच्या बाईंनी खुंटाला बांधलेल्या नावेचा फक्त दोर घेतला होता. एका मुलाने पाण्यातली विजेच्या तारांची प्रतिबिंबे घेतली होती, ज्या तारा चुकवण्यासाठी मी अर्धा तास जागा बदलत होतो. माझे चित्र सर्वांत सामान्य होते, कारण मी दिनदर्शिकेवर पाहिलेले तळे शोधत होतो.

दक्षिणेला महूच्या पुढे माळव्याचे पठार संपते आणि काळ्या बेसाल्टचे कडे नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरतात. जानापावच्या डोंगरावर चंबळ उगम पावून उत्तरेकडे जाते, आणि तेथून फार लांब नसलेल्या पाताळपाण्याला चोरल नदी कड्यावरून कोसळून दक्षिणेकडे नर्मदेला मिळायला जाते. एकाच दिवसाच्या पावसाचे पाणी असे दोन दिशांना फुटते, आणि ते उभ्या उभ्या पाहता येते, ही गोष्ट मला धबधब्याच्या उंचीपेक्षा जास्त चित्रमय वाटते. धबधब्याचे पाणी रेशमासारखे हवे असेल तर शटर पाव ते एक सेकंद उघडे ठेवावे लागते आणि कॅमेरा तिपाईवर बांधावा लागतो. थेंब न् थेंब हवा असेल तर सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो. पण पाताळपाण्याला पावसाळ्यात पात्रात उतरू नका. २०११ च्या जुलैमध्ये वरून अचानक आलेल्या लोंढ्यात माणसे वाहून गेली. आमच्या मंडळात तेथे कड्याच्या अलीकडूनच चित्रे काढायची असा नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला पुढच्या फेरीला बोलावत नाहीत.

लालबाग, रालामंडल, गुलावटची कमळे यांची नावे घेऊन पुढे जातो, कारण तेथे सर्वच जातात. रंगपंचमीच्या गेरविषयी, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीविषयी, मात्र एक सूचना करतो: कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधा आणि गर्दीच्या मध्ये न शिरता वरच्या मजल्यावरचे एखादे ओळखीचे घर आधीपासून ठरवून ठेवा. आपल्या शहरात ओळखीचे घर नसलेला मराठी माणूस विरळा.

मंडळात शिरल्यावर कसे वागावे, याबद्दल माझी मते थोडी कडक आहेत. आठवड्याला एकच चित्र टाकावे. दहा टाकणारा माणूस निवड करण्याचे काम इतरांवर ढकलत असतो. दुसऱ्याच्या चित्राखाली 'अप्रतिम' किंवा 'नाइस पिक' लिहिण्याची सवय ही सौजन्याची असली तरी निरुपयोगी आहे. त्याऐवजी आपली नजर आधी कुठे गेली, मग कुठे अडली, हे दोन ओळींत लिहावे. चित्र ज्याचे आहे त्याला ते चांगले की वाईट यापेक्षा हेच कळायला हवे असते. आमच्याकडे चर्चेच्या वेळी छायाचित्रकाराने पहिली पाच मिनिटे गप्प बसायचे असते. मला हा नियम फार जड गेला, कारण 'तेव्हा ढग आले होते' हे सांगायला माझी जीभ वळवळत असे. पण ज्याला चित्र पाहायचे आहे त्याच्यासोबत मी ढगांची कैफियत घेऊन जन्मभर फिरणार नाही, हे एकदा पटले की माणूस ढग गेल्यावर परत जातो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. मोबाइलच्या ग्रुपवर चित्र नेहमीसारखे पाठवले तर ते आकुंचन पावून पोहोचते आणि त्यातले बारीक तपशील निघून जातात, म्हणून चर्चेसाठीचे चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. तसे पाठवल्यास मात्र चित्रासोबत कॅमेऱ्याने नोंदवलेली जागा आणि वेळही जाऊ शकते, म्हणून घरातली किंवा पक्ष्याच्या घरट्याची चित्रे देण्याआधी ती नोंद काढून टाकावी. घरट्याची जागा तर ग्रुपवर सांगूच नये. एका रविवारी वीस माणसे तेथे पोहोचली की पक्षीण घरटे सोडते. महू ही लष्करी छावणी आहे, तेथे फलक लावलेल्या हद्दीत कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. विमानतळाच्या परिसरात ड्रोन उडवण्याचा मोह टाळावा. वाटेत भेटलेल्या माणसाचे चित्र काढायचे तर आधी विचारावे, आणि काढल्यावर त्याला ते पाठवावे. हे दुसरे आपण नेहमी विसरतो.

शेवटी एक गृहपाठ देतो. राजवाड्याच्या सातही मजल्यांचा दर्शनी भाग तुम्ही शेकडो वेळा पाहिला आहे. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत, हेही बहुतेकांना सांगता येईल. पण त्या दर्शनी भागावर थेट ऊन सकाळी येते की संध्याकाळी, असे मी आमच्या मंडळात विचारले तेव्हा बारापैकी सात जणांनी चुकीचे उत्तर दिले. तुम्ही घरी जाऊन नकाशात पाहू नका. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता बगीच्याच्या कठड्यापाशी या, आणि संध्याकाळी पाच वाजता पुन्हा या. मोबाइल असला तरी चालेल, तिपाई असेल तर घेऊन या. सकाळचा चहा मी थर्मासमध्ये आणतो, संध्याकाळचा सराफ्यात घेऊ.