तान नाय लागली माका

मंडळी, मी डॉक्टर. एका मे महिन्यात वेंगुर्ल्याकडच्या एका घरून बोलावणं आलं. पंचाहत्तरीच्या आजी दोन दिवस भलतंसलतं बोलत होत्या. बारा वर्षांपूर्वी गेलेला घोव, म्हणजे नवरा, पडवीत बसलाय म्हणायच्या आणि त्याच्याशी भांडायच्या. घरच्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणंही घातलं होतं. खाटेशेजारी तांब्या, त्यावर पालथं फुलपात्र. उचलून बघितलं, तर सकाळी भरलेला तांब्या अजून काठोकाठ. मी रागावलो. आजी म्हणाल्या, "तान नाय लागली माका."

त्या खोटं बोलत नव्हत्या. तहान जाणवत नव्हती, पण अंगातलं पाणी कमी झालं होतं, आणि ते भलतंसलतं बोलणं त्यामुळंच होतं. 1984 साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सात तरुण आणि 67 ते 75 वयाचे सात पुरुष, सगळे धडधाकट, 24 तास पाण्यावाचून ठेवले. म्हाताऱ्यांचं रक्त तरुणांपेक्षा जास्त घट्ट झालं, पण त्यांना ना तहान जाणवली, ना तोंड कोरडं वाटलं. पाणी समोर आणल्यावरही ते कमीच प्याले. त्यात उतारवयात शरीरातला पाण्याचा साठा घटतो, आणि मूत्रपिंडांना पाणी राखून लघवी दाट करणं पूर्वीसारखं जमत नाही.

बरं, ओळखायचं कसं? हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडा, असं आम्हाला शिकवलं होतं. ती उभीच राहिली तर पाणी कमी. पण सत्तरीनंतर कातडी तशीही उभी राहतेच की! 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे बरेच अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, ज्येष्ठांसाठी असं एकही बाहेरचं लक्षण एकट्यानं भरवशाचं ठरलं नाही. लघवीच्या रंगाचीही तीच गत. खरं कळतं रक्ताच्या तपासणीतून. ऑस्मोलॅलिटी, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारा आकडा, 300 च्या वर गेली, की पाणी कमी पडलंय.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही. अंग निवत नाही, म्हणून घाम गळतच राहतो.

पण आजींची खरी गोष्ट सुनेनं मला बाहेर आणून सांगितली. संडास घरामागच्या परड्यात. वाटेत चिऱ्याच्या चार पायऱ्या, दिवा नाही, गुडघे दुखरे. म्हणून त्या दुपारी चारनंतर पाण्याला शिवतच नसत. अशा किती आज्या मी बघितल्यात! तुमच्या घरातही असेल एखादी, विचारून बघा.

युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या मार्गदर्शनात ज्येष्ठ बायकांना दिवसाला किमान 1.6 लिटर आणि पुरुषांना 2 लिटर पेयं सांगितली आहेत. चहासुद्धा त्यात धरायचा. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, लघवीची गोळी चालू असेल, तर मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच. जुलाब झाले तर ओआरएस द्या. पण पाणीच कमी प्यालं गेलं असेल, तर साधं पाणी, चहा, ताक चालतं.

आजींना दवाखान्यात सलाइन लावलं. चौथ्या दिवशी मी विचारलं, "घोव काय म्हणतो?" माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मलाच काहीतरी झालंय. "तो खंय येतलो? बारा वर्सां झाली त्येका जावन."

आता सून तहान लागली का म्हणून विचारत नाही. दहा वाजता पेजेचा वाडगा हातात देते, आणि वाडगा रिकामा होईपर्यंत समोर बसून राहते.