रिकाम्या घडाचे खत

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत सकाळी उतरवले जाणारे हे पत्र्याचे डबे पामतेलाचे आहेत. येथून ते फरसाण करणाऱ्यांकडे, खाणावळींत आणि किराणा दुकानांत जातात. २०२२ च्या दिवाळीत शिधापत्रिकाधारकांना १०० रुपयांत मिळालेल्या ‘आनंदाचा शिधा’ संचातही रवा, साखर आणि चणाडाळीसोबत याच तेलाची १ लिटरची पिशवी होती. तेल नवी मुंबईच्या घराघरांत पोहोचते. ते काढल्यावर मागे जे उरते, ते मात्र येथे कोणाच्या नजरेस पडत नाही. ते पाहण्यासाठी आम्ही नेरुळहून आंध्र प्रदेशातील एलुरूचा परिसर गाठला.

लालसर केशरी फळांनी गच्च भरलेला हा घड ऑइल पामचा, म्हणजे तेल्या माडाचा आहे. अशा एका घडात हजाराहून अधिक फळे असू शकतात. तोडणीनंतर फळातील तेलाची आम्लता वेगाने वाढू लागते, म्हणून साधारण २४ तासांच्या आत घड कारखान्यात पोहोचावा लागतो. तेथे तो सुमारे ३ बार दाबाच्या वाफेत तास-दीड तास शिजवला जातो आणि मग पिंजऱ्यासारख्या या फिरत्या पिंपात आपटला जातो. फळे गजांमधून खाली गळतात, आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो तो काटेरी, ओलसर, तंतुमय रिकामा घड. १०० टन घडांमागे तेल निघते सुमारे २० टन. रिकामे घडही जवळपास तेवढेच उरतात. शिवाय ६० ते ७० टन तपकिरी, आम्लधर्मी, गरम सांडपाणी उरते, ज्याची प्राणवायू शोषण्याची क्षमता घरगुती सांडपाण्याच्या सुमारे शंभरपट असते. ते तसेच ओढ्यात गेले, तर मासे गुदमरतात. उघड्या तळ्यांत साठवले, तर त्यातून मिथेन निघतो.

या दोन्ही टाकाऊ गोष्टी एकमेकींना पूरक आहेत, आणि कारखान्यातील या टाकाऊ मालापासून खत करणाऱ्या खतशाळेचे सारे काम त्यावरच उभे आहे. घडात तंतू भरपूर, पण नत्र (नायट्रोजन) कमी. तेथे कर्ब (कार्बन) आणि नत्राचे प्रमाण साधारण ५० ला १ असते, आणि एवढ्या कमी नत्रावर सूक्ष्मजीवांची वाढ मंदावते. सांडपाण्यात ओल आहे, नत्र आहे, पालाशही (पोटॅश) आहे. म्हणून घड आधी यंत्रात चिरडून त्यांचे तंतू मोकळे केले जातात, सुमारे दीड मीटर उंचीच्या लांबच लांब राशी रचल्या जातात आणि त्यांवर सांडपाणी थोडे थोडे फवारले जाते. राशीच्या पोटातील उष्णता ६० अंश सेल्सिअसच्या वर चढते, त्यामुळे फवारलेल्या पाण्यातील बराचसा भाग वाफ होऊन निघून जातो. पहाटे रास उलथणारे यंत्र फिरू लागले की हा जो पांढरा लोट उठतो, तो धूर नसून वाफ आहे. उलथण्यामुळे आतपर्यंत हवा पोहोचते. ती न पोहोचल्यास रास सडते, तिला दुर्गंधी येते आणि खत बिघडते. याच उष्णतेत तणांचे बी मरते, तसेच गेंड्या भुंग्याच्या अळ्याही मरतात. कोकणातील नारळबागायतदारांना ज्याची चांगलीच ओळख आहे, तोच हा भुंगा कच्च्या घडांच्या ढिगात अंडी घालतो.

दोन ते तीन महिन्यांत रास निम्म्याहून खाली बसते, कर्ब आणि नत्राचे प्रमाण २० ला १ च्या खाली येते, आणि हातात येते ती ही काळसर, भुसभुशीत, मातीचा वास असलेली वस्तू.



वाळलेल्या रिकाम्या घडात २ टक्क्यांहून अधिक पालाश असते. झाडाने ते जमिनीतूनच उचललेले असते. आपल्या शेतीला लागणारे म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशयुक्त खत मात्र परदेशातून जहाजाने येते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये खाद्यतेल अभियानांतर्गत ऑइल पामसाठी ११,०४० कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली आणि लागवड १० लाख हेक्टरपर्यंत नेण्याचे लक्ष्य ठेवले. लागवड वाढेल तसे कारखानेही वाढतील, आणि आमचे स्पष्ट मत असे आहे की प्रत्येक नव्या कारखान्याच्या आराखड्यात खतशाळेची जागा पहिल्याच दिवशी आखलेली असावी. येथे घड घेऊन आलेली हीच ट्रॉली परतताना खताने भरली जाते.

एक गोणी आम्ही सोबत आणली. नेरुळमधील सोसायटीच्या माळीकाकांनी तीन भाग मातीत एक भाग खत मिसळून कढीपत्त्याच्या या कुंड्या भरल्या. खतात पुरते न कुजलेले काही धागे त्यांना दिसले. ते त्यांनी बोटांनी वेचले आणि ओल्या कचऱ्याच्या पिंपात पुन्हा मुरायला टाकले.